कंट्रोल धरून तीन

पेन उजव्या हातात आणि कीबोर्ड डाव्या हाताखाली, असं हे काम असतं. संगणकावर मूर्ती घडवणाऱ्या कुणालाही विचारा, उजवा हात काय काय करतो ते तो रंगवून सांगेल. डाव्याचं नावही काढणार नाही. पण डावा हात नसेल तर उजव्याला करायला काही उरत नाही. ऑल्ट धरून पेन ओढलं की कॅमेरा, म्हणजे पडद्यातली आपली नजर, मूर्तीभोवती फिरतो. ऑल्टबरोबर शिफ्ट धरलं की कॅमेरा बाजूला सरकतो, कंट्रोल धरलं की जवळ जातो किंवा लांब येतो. आकड्यांतला एक दाबला की चेहरा समोरून दिसतो. तीन दाबला की पडद्यावर आपल्या उजव्या हाताला असलेली बाजू समोर येते. पलीकडची, डाव्या हाताची बाजू बघायची असेल तर कंट्रोल धरून तीन. हे एकदा बोटांत बसलं की माणूस विसरून जातो. मीही विसरले होते. अण्णांचा डावा हात गेला तेव्हा मला एकेक बटण परत मोजावं लागलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत, पत्र्याच्या शेडमध्ये, उभा जन्म त्यांनी मातीत माणसं घडवली. देव नाही, गणपती नाही, फक्त माणसं. कुणाचे आजोबा, कुठल्या शाळेचे संस्थापक, कुठल्या गावचे जुने पाटील. फोटो घेऊन लोक यायचे आणि अण्णा त्यातून गळ्यापर्यंतचा माणूस उभा करायचे. ते शिकलेले चौथी, पण गालाच्या हाडाबद्दल बोलायला लागले की डॉक्टरनं ऐकत बसावं.

मी त्याच शेडच्या एका कोपऱ्यात संगणक घेऊन बसायचे. व्हिडिओ बघून शिकले. चेहरा पडद्यावर घडवायचा, फाईल पुण्याला पाठवायची, तिकडून तो प्लॅस्टिकमध्ये छापून येतो, मग त्याचा साचा. अण्णा त्याला खेळणं म्हणायचे. "हात धुवायचं बी काम न्हाय, लई सोय झाली की!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. माझं काम कधी वाकून बघायचे, 'हूं' म्हणायचे आणि जायचे. चांगलं म्हणून म्हणाले नाहीत. मीही कमी नव्हते. म्हटलं, नका म्हणू. माझं काय अडलंय. अडलं होतं, पण ते त्यांना कशाला सांगू!

मग एका सकाळी ते न्हाणीत पडले. डोक्यात उजव्या बाजूला रक्ताची गाठ. जीव वाचला, पाय थोडा परत आला, डावा हात आला नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि हातापेक्षा अवघड गोष्ट सांगितली. म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावी बाजू मोजतच नाही. त्यांच्यापुरती डावी बाजू जगातच नाही. आणि काही कमी आहे हे त्यांना जाणवणारही नाही. तुम्ही सारखी आठवण करून द्यायची, मान वळवायला लावायची.

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. घरी आल्यावर कळलं. ताटाची उजवी बाजू साफ व्हायची आणि डावीकडची भाकरी, शेंगाचटणी तशीच. वर ओरडायचे, "चटणी न्हाय वाढली व्हय?" आई ताट फिरवायची. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले तर मी नसायचेच. मी तिथंच, त्यांच्या मांडीला मांडी लावून, आणि ते आईला विचारताहेत, "पोरगी कुटं गेली गं?" सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा रुसलाय.

एकदा त्यांनी स्वतः दाढी केली. अर्धी. मी म्हटलं, अण्णा, अर्धी राहिली. म्हणाले, झाली की, हात फिरवून बघ. मी तोंडाळ. हट्टानं त्यांचा उजवा हात धरला आणि डाव्या गालावरच्या खुंटांवर घासला. "हे काय आहे मग?" त्यांनी हात तिथंच ठेवला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. अण्णांना रडताना मी जन्मात बघितलं नव्हतं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवशी मी ठरवलं, यांना परत असं काही दाखवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं आठवण करून द्या. मी ठरवलं, देणार नाही.

एका हातानं माती होत नाही. मळायला दोन हात लागतात, दाबायला एक आणि पाठीमागून आधाराला दुसरा. अण्णा शेडमध्ये खुर्ची टाकून नुसते बसायचे. कोरडी पडलेली माती, फडक्याखाली झाकलेलं एक अर्धवट डोकं. शेजारचे माग दिवसभर धडधडत असायचे. महिना-दीड महिना असा गेल्यावर एक दिवस ते स्वतःहून म्हणाले, "तुजं ते खेळणं दाव."

काय सांगू, मला किती आनंद झाला ते! मी कीबोर्ड उचलून त्यांच्या उजवीकडे ठेवला, मी पण उजवीकडे बसले. पेन त्यांच्या हातात, बटणं माझ्या हाताखाली. ते म्हणायचे, "फिरव," मी ऑल्ट धरायचे आणि ते पेन ओढायचे. "जवळ," कंट्रोल. "सरकव," शिफ्ट. आठ दिवसांत ते बटणांची नावं घ्यायला लागले. मी चहाला उठले की ओरडायचे, "अगं, आल्ट कुणी धरायचा, तुज्या सासऱ्यानं?" मला सासरा नाही, लग्न नाही. आई पदर तोंडाला लावून हसायची. घरात खूप दिवसांनी हसू होतं.

त्याच सुमारास मोहोळहून एक सर आले. रिटायर्ड शिक्षक. त्यांची बायकोही शिक्षिका, सगळं गाव तिला बाई म्हणायचं आणि सरही बाईच म्हणायचे. बाई गेल्या होत्या. शाळेच्या आवारात त्यांचा पुतळा बसवायचा होता. सरांनी पिशवीतून फोटो काढले आणि म्हणाले, "अण्णांच्याच हातचा हवा. बाईंनी स्वतः म्हटलं होतं एकदा, आमच्या शाळेच्या संस्थापकांचा अण्णांनी केलेला पुतळा बघून, की हा माणूस आता बोलेल." अण्णांनी पेन टेबलावर ठेवलं आणि सरांचा हात हातात घेतला. "करतो की," म्हणाले. "ह्यो हात हाय अजून."

पंधरा दिवस आम्ही ते काम केलं. पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं, पण मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. पडद्यावर उजवीकडे बाईंचा गाल आकाराला येत होता, डोळा, कान, कानामागचे केस. डावीकडे नुसता गोळा. नाकापर्यंत काम यायचं आणि तिथं थांबायचं. अण्णा कॅमेरा फिरवायला सांगायचे ते उजवीकडेच. तीन म्हणायचे, एक म्हणायचे, परत तीन. कंट्रोल धरून तीन त्यांनी एकदाही म्हटलं नाही. तिथं काही आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तिकडे बघू दे असं कशाला म्हणेल!

मी युक्ती केली. कॅमेरा पार पलीकडे नेला आणि कोरी बाजू त्यांच्या उजवीकडे आणली. त्यांनी मुकाट्यानं तीही घडवली, पण आधीच्या बाजूशी तिचं नातं जुळेना. समोरून बघितलं तर दोन अर्ध्या बायका चिकटवल्यासारख्या. ती रद्द केली. मग एक बटण असतं, ते दाबून एका बाजूचं काम जसंच्या तसं दुसऱ्या बाजूला उतरवता येतं. आरशातल्यासारखं. मी ते केलं आणि सरांना फोटो पाठवला.

सर दुसऱ्या दिवशी आले. अण्णा आत झोपले होते. सर पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "फार सुंदर आहे. पण या बाई नाहीत." मग स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई हसायच्या तेव्हा हे एकच टोक वर जायचं. वर्गात पोरांना वाटायचं, बाई रागावल्यात की हसतायत." जाताना दारात थांबून विचारलं, "अण्णांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, एकदम ठणठणीत.

त्या दिवसापासून अण्णा दुपारी जेवून झोपले की मी खुर्चीत बसायचे. बाईंचा तो अर्धा चेहरा मी केला. ओठाचं टोक, त्याखालची बारीक घडी, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या. कसं सांगू, माझ्या हातून असं काम कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दुपारी मी कॅमेरा समोर आणला, एक दाबलं, आणि दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दिसल्या. माझी बाजू चांगली झाली होती. अण्णांच्या बाजूपेक्षा चांगली. त्यांचा गाल जड होता, पापणी सुजल्यासारखी. आजारपणानंतरचा हात, त्यात पेन नवखं. नुसती ती बाजू बघितली असती तर खपून गेलं असतं. माझ्या बाजूशेजारी ते उघडं पडत होतं.

त्यांची बाजू सुधारली असती तर त्यांनी ताबडतोब ओळखलं असतं, पेनचा एकेक फटकारा त्यांच्या ध्यानात असायचा. राहिली माझी बाजू. ती त्यांना दिसणारच नव्हती. मग मी माझं काम खाली आणलं. पापणी जाड केली, गाल थोडा फुगवला, सुरकुत्या पुसट केल्या. ओठाचं टोक तेवढं ठेवलं. हे करताना मला वाटत होतं की मी केवढी मोठी गोष्ट करतेय. बापासाठी त्याग वगैरे. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सरांना ते पसंत पडलं. ते पडद्याला हात लावायला गेले आणि त्यांनी तो मागे घेतला. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. "बगितलंस?" मला म्हणाले, "जमलं का न्हाय?" मी म्हटलं, जमलं की. पुतळा छापून आला, साचा झाला, ओतला गेला, मोहोळला बसला. कार्यक्रमाला अण्णांना फेटा बांधला. त्यांनी भाषण केलं, दोन वाक्यांचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पुढच्या रांगेत बसून रडत होती. मी टाळ्या वाजवल्या, घरी आले आणि दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

त्यानंतर अण्णांनी लगेच दुसरं काम घेतलं. अकलूजच्या एका घरातले म्हातारे आजोबा. मी म्हटलं, जरा दम खा. म्हणाले, "दम कशापायी? हात चालायलाय." त्यांनी आधीसारखीच आपली बाजू घडवली, आणि मी आणखी फोटो आणायला एसटीनं अकलूजला गेले. दुसऱ्या बाजूचं काम मी परत आल्यावर करणार होते.

अण्णांना माझी वाट बघवली नाही. त्यांनी आईला उजवीकडे बसवलं. आईला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण बटण दाखवलं तर ती दाबणार. ते म्हणाले आल्ट, तिनं आल्ट धरलं. त्यांनी पेन ओढलं, कॅमेरा गर्रकन फिरला, आणि पलीकडची बाजू समोर आली. आईनं जे दिसलं ते सांगितलं. तिला खोटं बोलायचं कुणी शिकवलंच नव्हतं. मीही तिला काही सांगून ठेवलं नव्हतं.

"अवो, हिकडं तर कायच न्हाय. निस्ता गोळा हाय की."

मी संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच. चेहरा पांढरा पडलेला. "मी काय केलं गं? ते जेवलं न्हाईत, उटलं न्हाईत. निस्तं त्ये डोसकं फिरवायला लावत्यात." तिनं सगळं सांगितलं आणि मी भडकले, तिच्यावर. "तुला कुणी हात लावायला सांगितला होता?" तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आत गेली. तिचा काय दोष होता? सगळ्या घरात खरं बोलणारी ती एकटी.

अण्णा खुर्चीत होते. पडद्यावर ते अर्धं डोकं. मी उजवीकडून जाऊन बसले.

"बाईंचं उगड," ते म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, उद्या बघू. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उगड."

मी फाईल उघडली. बाई समोर आल्या.

"दुसरी बाजू. ते काय, कंट्रोल धरून तीन. दाब."

मी दाबलं. माझी बाजू त्यांच्या समोर आली, नाक पडद्यावर उजवीकडे, म्हणजे डोळा, गाल, ओठ त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि पुढे वाकले. माग बंद झाले होते, आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"ह्ये तुजं."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

मला वाटलं आता रडतील. किंवा ओरडतील. मी तयारी केली होती, वाटेतच केली होती, एसटीत काही कारण नसताना. सांगणार होते, खोटंच, की डॉक्टरांनीच सांगितलं, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, सरांना पसंत पडलं ना मग झालं. अण्णा अजून पडद्यातच बघत होते. मग बोट उचलून त्यांनी पापणीवर ठेवलं, काचेवर.

"हितं हात का आखडलास?"

मी कंट्रोलवरचं बोट काढलं.

"ओठ बग. ह्यो ओठ करणाऱ्याला अशी पापणी ईत न्हाय व्हय? ही करून मोडल्याली हाय. आन् गाल बी. का मोडलंस?"

चाळीस वर्षांचा डोळा. त्याला अर्धं जग दिसत नव्हतं, पण हे दिसलं. मी खरं सांगितलं. म्हटलं, तुमच्या बाजूला जुळवायला.

ते मागे टेकले. तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज झाला. मग अगदी हळू म्हणाले, "माज्याशी खोटं बोललीस, त्ये चालंल. आजाऱ्याशी समदीच बोलत्यात. पर काम मुद्दाम वंगाळ केलंस." आणि थोड्या वेळानं, "माज्यापायी." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले, त्यांनी गुडघा काढून घेतला.

"सरांस्नी फोन लाव."

मी नको म्हटलं. हात जोडले. आई आतून आली, तीही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अवो, बसला न्हवं पुतळा, लोकं खूश हायती." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

सर आनंदानं बोलायला लागले. बाईंच्या पुतळ्याला पोरं रोज हार घालतात, सकाळी मीही जाऊन येतो, असं काहीबाही. अण्णांनी त्यांना थांबवलं.

"सर, त्यो अर्दाच माजा हाय. मला एका बाजूचं दिसत न्हाय. मला ठावं नव्हतं, आज कळलं. ऱ्हायलेला अर्दा माज्या पोरीनं केलाय."

मग सर सांभाळून म्हणाले, "अहो अण्णा, आमची काहीही तक्रार नाही."

"तुमची नसंल. माजी हाय," अण्णा म्हणाले. "तिला याच्याहून लई चांगलं येतं. माज्याहून चांगलं येतं. तिनं तुमाला त्ये दिलं न्हाय."

सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अण्णांनी आईला आपल्याला उठवायला सांगितलं. ती त्यांना धरून आत घेऊन गेली, आणि मी फोन हातात धरून तिथंच बसले. पलीकडून सर हॅलो हॅलो करत होते.